बदामराव आणि बिघडलेल्या शिट्ट्या

४ फेब्रुवारी

ज्याला अजून माझा कंटाळा आलेला नाही अशा मामास,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही आणि मी नोकरीही सोडलेली नाही. फोन असताना तुझी भाची पत्र का लिहितेय, तर फोनमुळेच. फोनवर तू ‘लिहितोय… लिहितोय…’ असा दिसतोस आणि मग गायब होतोस. बहुतेक दार उघडायला गेलेला असतोस. पण तेवढ्यात माझं तुझ्याशी भांडण होतं, अबोला होतो, मी तुला आयुष्यातून काढून टाकते, आणि तू परत येऊन ‘जेवलीस का?’ विचारतोस तेव्हा मी रडून लाल झालेली असते. भावना सांभाळायला शिकवतात त्या आमच्या कौशल्यवर्गाच्या बाईंनी सुचवलं, की ज्या माणसाला गमवायचं नाही त्याच्याशी जरा सावकाश बोलून बघ. टपालाइतकं सावकाश दुसरं काय आहे? नियम एकच. लिहिलेलं पत्र रात्रभर टेबलावर मुक्कामाला ठेवायचं आणि सकाळच्या चहानंतरही पटलं तरच पेटीत टाकायचं.

आता मोठी बातमी. माझ्या डोक्याचे फोटो निघाले! मला जे आहे ते, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आणि आईच्या भाषेत ‘नाटकं’, ते असलेल्यांचा मेंदू कसा चालतो यावर इथल्या इस्पितळात संशोधन चाललंय. मला आडवं करून एका नळकांड्यात सरकवलं. आत छोटा पडदा आणि त्यावर एकामागून एक चेहरे. हाताखाली तीन बटणं: राग, आनंद, काहीच नाही. राग आणि आनंद मी झकास ओळखले. पण जे चेहरे ‘काहीच नाही’ होते ना, त्यांतल्या बहुतेकांना मी ‘राग’ दाबलं. एक टकलू गृहस्थ तर माझ्यावर इतके उखडले होते, की मी नळकांड्यातूनच ‘सॉरी’ म्हणाले. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, ते नुसते कॅमेऱ्याकडे बघत होते.”

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की बोंब मारायची, हे त्याचं काम. त्याला मी बदामराव म्हणते. आणि कपाळामागे एक साहेब बसतात, ‘थांबा, आधी बघू तरी’ म्हणणारे. ते कपाळेसाहेब. इतरांच्या डोक्यात बदामराव ओरडले की साहेब लगेच बाहेर येतात. माझ्यासारख्यांच्या डोक्यात बदामराव मांजर बघूनही वाघ वाघ म्हणून ओरडतात, आणि साहेब कचेरीत पोचेपर्यंत सगळी इमारत रिकामी झालेली असते. हे अनेकांची सरासरी काढून दिसलंय, एकट्या तुमच्या फोटोवरून काही ठरत नाही, असं बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं. पण सरावाने साहेब वेळेवर येऊ लागतात, हेही म्हणाल्या.

संशोधनाचा दुसरा भाग मार्चअखेर आहे. त्यात एक खेळ असतो आणि तो खेळायला ‘विश्वासातला माणूस’ बरोबर आणायचा असतो. त्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलं. विचार करायला वेळ लागला नाही, कारण दुसरं कुणी आठवलंच नाही.

येशील ना?

तुझी,
ठिणगी


१२ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझ्या बदामरावांना माझा नमस्कार सांग. असले खेळाडू मी मैदानावर जन्मभर बघितलेत. चेंडू लागायच्या आधीच पाय धरून लोळतात. पण पंच म्हणून एक सांगतो, लोळणाऱ्याला कधीकधी खरंच लागलेलं असतं. तेव्हा त्यांना फार हसू नकोस.

येईन की! न यायला काय झालं? तुझा मामा काय मोठा कामाचा माणूस लागून गेलाय? त्यात सध्या सामन्यांनाही सुट्टी दिलीय. शिट्टी बिघडली. नवी आणली, तर तीही तशीच निघाली. ऐन मोक्याला फुंकली आणि नुसतं ‘फुस्स’. दोन्ही संघ मैदानावर बसून हसले. त्यांच्यात एकी झालेली मी प्रथमच पाहिली.

बाकी मजेत. हल्ली चहा थंड करून स्ट्रॉने पितो. तब्येतीला बरा म्हणतात. मामी म्हणते, म्हातारचळ लागलाय.

सोबत दोन कार्डं पाठवतोय, खरीखुरी, माझ्या खिशातली. मी पत्रात आगाऊपणा केला तर पिवळं पाठवायचं. लाल शक्यतो पाठवायचं नाही. लाल म्हणजे खेळाडू बाहेर आणि त्यावर दाद मागता येत नाही.

मामा

ता. क. कोरा चेहरा ओळखीच्या माणसाचा असला, म्हणजे अगदी घरातल्या माणसाचा, तरीसुद्धा बदामराव ओरडतात का? आपलं सहज विचारतोय.


१९ फेब्रुवारी

शिट्ट्यांचा कर्दनकाळ असलेल्या मामास,

सहज विचारलंस म्हणून सहज सांगते. ओळखीचा असला तर दुप्पट ओरडतात. अनोळखी माणूस रागावला तर रागावला, त्याच्या जाण्याने माझं काय जातंय? आपलं माणूसच सोडून जाऊ शकतं.

आता कारखान्यातला तमाशा ऐक. तुला माहीतच आहे, कपड्यांच्या दुकानांत काचेमागे उभे असतात ते पुतळे आमच्याकडे दुरुस्तीला येतात. कुणाचं बोट तुटलेलं, कुणाचं नाक उडालेलं. चेहरे रंगवायचं काम माझं. नियमाने त्यांचे चेहरे कोरेच ठेवायचे असतात. पण एवढे कोरे चेहरे दिवसभर माझ्याकडे बघत राहिले तर माझं काय होईल? म्हणून मी प्रत्येकाच्या ओठांचे कोपरे थोडे वर नेते, डोळ्यांत जरा ओलावा टाकते. परवा मालकीणबाई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. चेहरा असा, की दगडाने शिकवणी लावावी. म्हणाल्या, “गिऱ्हाईक काचेसमोर कपडे बघायला थांबतं. तुझे पुतळे त्याला लग्नाची मागणी घालतायत.”

पूर्वीची मी ब्रश फेकून निघून गेले असते. या वेळी वर्गात शिकवलेलं आठवलं: चेहऱ्यावरून निकाल द्यायचा नाही, विचारायचं. म्हणून विचारलं, “तुम्ही माझ्यावर रागावल्यात का?” त्या म्हणाल्या, “नाही गं. दाढ दुखतेय.”

मामा, दाढ! इतकी वर्षं मी लोकांच्या दाढांपायी नोकऱ्या सोडल्या.

मार्चअखेरचं नक्की कळव. उत्तर ‘हो’ किंवा ‘हो’ यांपैकी एका शब्दात द्यावं.

ठिणगी


२ मार्च

ठिणगे,

तुझे पुतळे वाचून मामी खोखो हसली. मीही हसलो, माझ्या परीने.

मार्चअखेरचं मात्र जमेलसं दिसत नाही. गुडघा धरलाय, प्रवास झेपणार नाही. शिवाय इथे बरीच कामं निघालीत. तू मामीला घेऊन जा. तिचा चेहरा बोलका आहे, तुझ्या बदामरावांना त्रास व्हायचा नाही. नाहीतर मैत्रीण बघ एखादी.

तिसरी शिट्टी आणली होती. तीही बिघडली.

वाईट वाटून घेऊ नकोस.

मामा


६ मार्च

(पाकिटात फक्त लाल कार्ड. त्याच्या मागे लिहिलेलं: ‘खेळ संपला. कधीच येऊ नकोस.’)


७ मार्च

मामा,

हे पत्र आधी वाच, मग ते कार्ड बघ. कार्ड आधी आलं असेल तर बघितलं नाहीस असं समज.

कार्ड मी मुक्कामाला ठेवलंच नाही. तुझं पत्र वाचलं, चपला घातल्या, पेटी गाठली. पेटीचं झाकण आपटलं आणि नेमके त्याच क्षणी कपाळेसाहेब कचेरीत हजर झाले. ‘काय चाललंय इथे?’ म्हणून विचारायला! मग मी पेटीत हात घातला. मनगटाच्या वरपर्यंत गेला आणि अडकला. रस्त्यावरची माणसं बघत होती, मी टपालखात्याशी हस्तांदोलन करत असल्यासारखी हसत उभी. शेवटी पोस्टमन आला. त्याने पेटी उघडून मला सोडवलं. मी कार्ड मागितलं तर म्हणाला, “हात तुमचा आहे, तो घेऊन जा. पत्र पेटीत पडलं की आमचं.” मी पुष्कळ गयावया केली. त्याचा चेहरा कोरा होता. विचारलं, “रागावलात का?” तर म्हणाला, “हो.” म्हणजे तेही असतं.

हे सगळं गमतीने लिहितेय, पण दुपार फार वाईट गेली. तू मला टाकलंस असं वाटलं, आणि तसं वाटतं तेव्हा मला दुःख होत नाही, मी पुसलीच जाते. मागे अशा वेळी मी स्वतःला जे करत असे ते केलं नाही. गार पाण्यात तोंड बुडवून बसले, वर्गाच्या बाईंना फोन केला, झोपले, उठून चहा घेतला. मग तुझी पत्रं पुन्हा वाचली, तुझ्यासारखी, पंचाच्या डोळ्यांनी.

बदामराव म्हणतात, तुला माझा कंटाळा आलाय. मग कंटाळलेला माणूस आपल्या खिशातली कार्डं कशाला पाठवील? गुडघा धरलाय म्हणतोस, पण आधीच्या पत्रात गुडघ्याचं नावही नव्हतं. शिट्टी एक बिघडते. दोनही बिघडतील. पण तीन शिट्ट्या ओळीने बिघडत नाहीत मामा, फुंकणारा बिघडलेला असतो. चहा स्ट्रॉने. हसलास, तेही ‘माझ्या परीने’. आणि कोऱ्या चेहऱ्याची ती सहज चौकशी.

म्हणून निकाल देत नाही, विचारते. तुझ्या तोंडाला काय झालंय?

ठिणगी


१४ मार्च

ठिणगे,

पकडलंस. इतके सामने खेळवले, पण लबाडी करताना पंचच सापडला असं पहिल्यांदा झालं.

जानेवारीत एके सकाळी दात घासायला गेलो तर पाणी तोंडात ठरेना. आरशात बघितलं तर डावी बाजू गळालेली. गाल हलत नाही, भुवई उचलत नाही, डोळा मिटत नाही. मामीने मला उचलून इस्पितळात नेलं. मेंदूला काही झालेलं नाही, हे आधीच सांगतो. चेहऱ्याची नस सुजली. हळूहळू सुधारेल म्हणतात, पण पूर्वीसारखा होईनच असं कुणी लिहून देत नाही. झोपताना डोळ्यावर पट्टी चिकटवतो. हसलो तर अर्धाच हसतो आणि तो अर्धा फार कुत्सित दिसतो. परवा शेजारच्यांच्या तान्ह्या नातीकडे बघून हसलो, तर तिने भोकाड पसरलं.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. कोरे चेहरे तुला रागावलेले दिसतात म्हणे, आणि ओळखीचे असले तर दुप्पट, असंही मग कळवलंस. मी विचार केला, हिच्याकडे बघून ज्याच्या चेहऱ्यावर कधी आठी आली नाही असा एकच माणूस हिला आहे. तो असलं तोंड घेऊन समोर उभा राहिला तर हिचं काय होईल? तू मला बघून पाऊल मागे घेतलं असतंस तर ते मला सोसलं नसतं. म्हणून तोंड लपवलं. गुडघा ठणठणीत आहे.

लाल कार्ड पोचलं. तुझ्या पत्राच्या आधीच. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण मामीने ते चहाच्या कपाखाली ठेवलंय, त्यामुळे आता त्यावर डाग पडलाय आणि डाग पडलेलं कार्ड धरत नाहीत.

मामा

(कडेला मामीच्या अक्षरात: मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, पोरीला कळव म्हणून. माझं ऐकतो कोण! स्ट्रॉने चहा पिताना असा काही आवाज करतो की मलाच दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.)


१८ मार्च

तोंड लपवणाऱ्या मामास,

मी रागावलेय. हे नीट वाच. मुक्काम करूनही राग उरलाय, म्हणजे तो खरा आहे. तुझा चेहरा मला सोसणार नाही, हे तू मला न विचारता ठरवलंस. आईसुद्धा असंच करते: ‘हिला सांगू नका, ही तमाशा करेल.’ आणि मग सगळे गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या माणसांचे चेहरे कसे दिसतात? कोरे! तुझ्या आजारापेक्षा तुझ्या लपण्याने बदामरावांना जास्त खाद्य मिळालं. म्हणून सोबत पिवळं कार्ड.

आणि मला फार वाईट वाटतंय. दात घासताना तुला काय वाटलं असेल, हे डोळ्यासमोरून जात नाही. दोन्ही खरं आहे. वर्गात हेच शिकवतात, की एकाच माणसावर राग आणि माया एकदम असू शकते, त्यातलं एक खोटं ठरवायची गरज नसते. मला हे अवघड जातं. माझ्याकडे माणूस एकतर देव असतो, नाहीतर हद्दपार. तू सध्या दोन्हींच्या मधे, स्टुलावर बसलायस.

आता शिक्षा. तुझे फोटो पाठव. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. हसू नकोस, ‘माझ्या परीने’ही नको. डॉक्टरीणबाईंनी मला मार्चअखेरऐवजी एप्रिलची तारीख दिलीय.

ठिणगी


३० मार्च

दोन तोंडांच्या मामास,

फोटो पोचले. समोरचा बघितला आणि खरं सांगते, बदामराव जे ओरडले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. मी फोटो पालथा घातला. मग उलटा केला. मग पालथा. असं करत करत संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भंगारातून एक डोकं उचललं. कान फुटलेला होता, तो बुजवला. आणि त्यावर तुला रंगवलं. डाव्या गालाचा उतार, डोळ्याची ती न मिटणारी पापणी, ओठाचा खाली आलेला कोपरा. मामा, हा माझा पहिला पुतळा, ज्याच्या ओठांचे कोपरे मी वर नेले नाहीत. घरी आणून जेवायच्या टेबलावर समोर मांडला. पहिल्या दिवशी त्यावर टॉवेल टाकून जेवले. मग टॉवेल डोळ्यांपर्यंत. मग हनुवटीपर्यंत. आता रोज जेवायला बसताना त्याला विचारते, “रागावलायस का?” तो काही बोलत नाही आणि मी जेवते.

पुढची गंमत ऐक. फुटका कान पुन्हा निखळला म्हणून डोकं दुरुस्तीला कारखान्यात नेलं, तर रेनकोटवाल्या दुकानाचा माणूस आला होता. माझे सगळे गोड हसणारे पुतळे सोडून त्याने तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, “हा द्या. हा गृहस्थ विश्वासाचा वाटतो.” मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, विकायचा नाही, हा माझा मामा आहे. मालकीणबाईंचा चेहरा कोराच राहिला, पण त्या वळल्या तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

११ एप्रिल, सकाळी, बसथांब्यावर. मी न्यायला येते.

ठिणगी


१३ एप्रिल

आल्या पावली परत गेलेल्या मामास,

तू जेमतेम घरी पोचला असशील, पण मला राहवत नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलले. तो टोकनांचा खेळ विश्वास तपासायलाच होता. मी तुला टोकनं द्यायची, यंत्र ती वाढवणार, आणि तू पलीकडच्या खोलीतून मला हवी तेवढी परत करायची. एका फेरीत तू सगळी ठेवून घेतलीस! एकदा असं झालं की माझ्यासारखे लोक पुढे देणंच बंद करतात, मोडलेलं पुन्हा जोडायला जात नाहीत, असं त्यांच्या आकड्यांत दिसतं. माझा हात बटणावर अडकला होता, पेटीत अडकला होता तसाच. पण मी पुढच्या फेरीला पुन्हा दिली. तू दुप्पट परत केलीस. डॉक्टरीणबाई नुसत्या लिहीत राहिल्या.

पण माझी परीक्षा त्याच्या आधी बसथांब्यावरच झाली. तू उतरलास. पुतळ्याची सवय झाली होती, तरी पुतळा चालत येत नाही. बदामराव ओरडले: रागावलाय, परत निघालाय, संपलं. पाय मागे जायला लागले. मग मी सगळ्या लोकांसमोर मोठ्याने विचारलं, “मामा, रागावलायस का?” आणि तू म्हणालास, “नाही गं. बूट चावतोय.”

मी इतकी हसले की हमाल थांबून बघायला लागला. बूट! मामा, मला हे वाक्य चौकटीत लावून ठेवायचंय. पुढच्या वेळी जग माझ्यावर उखडलेलं दिसलं की मी स्वतःला सांगणार, कुणाचा तरी बूट चावतोय.

ठिणगी


१९ एप्रिल

ठिणगे,

चौकट करायला टाकली नसशील तर थांब.

त्या टोकनांचं आधी सांगतो. मी ठेवून घेतली नव्हती. डाव्या डोळ्याला पाणी आलं आणि भलतंच बटण दाबलं. बाईंना सांगू नकोस, त्यांचं संशोधन बिघडायचं.

आता बुटाचं. बूट खरंच चावत होता. पण तू विचारलंस ते रागाचं, आणि त्याचं खरं उत्तर मी दिलं नाही. पुन्हा तुला न विचारताच ठरवलं की तुला सोसणार नाही. मी रागावलो होतो. चांगलाच. बस पोचली तेव्हा तुझा पत्ता नव्हता. मी त्या थांब्यावर तोंडावर रुमाल धरून उभा, लोक बघताहेत, तासभर गेला असेल. परतीची बस उभी होती, तीत चढून खिडकीशी जाऊन बसलो, आणि तू लांबून पळत येताना दिसलीस तेव्हा उतरलो. तर काखेत ते डोकं! आणि रंग उडू नये म्हणून त्याच्यावर छत्री! ऊन मला लागत होतं, छत्री त्याला. मला राग येणार नाही तर काय?

म्हणजे तुझे बदामराव त्या दिवशी खरं बोलत होते. अर्ध्या चेहऱ्यावरचा राग त्यांनी बिनचूक ओळखला. त्यांची चूक पुढच्या वाक्यात झाली. मी रागावलो होतो, पण निघालो नव्हतो. निघालो असतो तर उतरलो कशाला असतो?

तेव्हा चौकटीत ‘रागावलो होतो, पण निघालो नव्हतो’ हे वाक्य लाव, बुटाचं काढून टाक.

काल चौथी शिट्टी आणली. अजून फुस्सच. पण मामी म्हणते, शेवटी जरासा आवाज आला.

मामा


२४ एप्रिल

मामा,

मला माहीत होतं. चौकटीचं लिहिलं ते तू कबूल करतोस का बघायला. तू ‘बूट चावतोय’ म्हणालास तेव्हा तुझी उजवी भुवई वर गेली होती, आणि ती तू खोटं बोलतानाच जाते. तरी मी हसले आणि तुझी पिशवी उचलली. समोरचा माणूस माझ्यावर रागावलाय हे कळूनही मी त्याच्या शेजारून घरापर्यंत चालत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

खोटं बोलल्याबद्दल सोबत पुन्हा पिवळं कार्ड, तू येताना परत आणून दिलेलं तेच. दोन पिवळी झाली की लाल होतं, हा तुझ्या खेळाचा नियम. आपल्या खेळात तो नाही.

ठिणगी